बर्फाचा हिशेब

दिवाळीच्या अंकात फराळावर लिहावे, दागिन्यांवर लिहावे, फार झाले तर आयकरावर लिहावे. बर्फाच्या कारखान्यावर कोणी लिहिते का? हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरातून आला, आणि तिथून आलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याची या घराची रीत आहे. उत्तर असे, की गेल्या रविवारी ज्या सुरमईचे एवढे कौतुक झाले ती समुद्रापासून आपल्या ताटापर्यंत बर्फावर झोपून आली होती. तिच्या किमतीत बर्फ आहे, बर्फाच्या किमतीत वीज आहे, आणि ती वीज कोणाच्या ढिलाईने वाया गेली असेल तर त्या ढिलाईचेही पैसे आपणच मोजले. इतके ऐकल्यावर आतून "मग लिहा" असा हुकूम सुटला.

माझे आजोळ रत्नागिरीचे. मामांनी तिथे बर्फाचा कारखाना काढला, तो आता मामेभाऊ चालवतो. त्याला मी दादा म्हणतो. कारखाना मिरकरवाडा बंदरापासून फार लांब नाही. याहून जास्त पत्ता देत नाही, कारण पुढे त्याची थोडी फजिती सांगायची आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुले तिथे जायचो ती बर्फाचे तुकडे चोखायला. मला तो कारखाना म्हणजे एक मोठे गार देऊळ वाटे. अंधार, ओल, अमोनियाचा नाकात झोंबणारा वास, आणि गाभाऱ्यात एकसारखी घुमणारी यंत्राची धडधड. त्या धडधडीला दर महिन्याला दक्षिणा द्यावी लागते, हे फार उशिरा कळले.

बर्फ कसा करतात ते पुष्कळ वाचकांनी पाहिले नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जमिनीत एक मोठे टाके असते. त्यात मिठाचे पाणी, शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत थंड केलेले. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे सोडायचे, की काही तासांनी प्रत्येक डब्यात एक लादी तयार. टाक्यातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकण्याचे काम अमोनिया करतो आणि अमोनियाला राबवण्याचे काम कंप्रेसर करतो. घरातला फ्रिज याहून वेगळे काही करत नाही. फक्त फ्रिजच्या बिलासाठी घरात कोणी रात्री जागत नाही.

दादा जागतो. पाणी स्वस्त, माणसे माहितीची, गिऱ्हाईक दारात. या धंद्यात महाग काय ती वीज. गंमत पाहा, १९६२ साली कोयनेची वीज ज्या पोफळीच्या वीजघरातून वाहू लागली ते पोफळी चिपळूण तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात. मामांना त्याचा केवढा अभिमान! "आपल्या डोंगराच्या पोटात वीज जन्मते," असे ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे गेले की बिल काढून बसत. वीज माहेरची असली तरी दर सासरचाच लागतो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी गेलो तेव्हा दादाचा चेहरा पाहूनच काहीतरी बिनसले आहे हे कळले. वहिनींनी चहाबरोबर सगळे सांगितले. "भाऊजी, शेजारचा कारखाना बंद झाला. हे म्हणतात, आता आपली पाळी." बावीस माणसांचे पगार, दोन हंगाम मासळी कमी, त्यात बिल वाढतेच आहे. विजेवरचा खर्च कमी करण्यासाठी दादाने दोन उद्योग केले होते आणि दोन्ही अंगाशी आले होते.

पहिला उद्योग म्हणजे एक पेटी. कोणी एक टाय लावलेला गृहस्थ आला, आणि मुख्य स्विचाशेजारी ही पेटी बसवली की तीस टक्के वीज वाचते असे सांगून गेला. जाताना अर्थातच पैसे घेऊन गेला. पेटीवर हिरवा दिवा लागे. बिलात फरक पडेना. चौथ्या महिन्यात आमच्या पुतणीने, म्हणजे दादाच्या धाकटीने, पेटी उघडून पाहिली. आत एक छोटा कपॅसिटर आणि तो हिरवा दिवा. पुतणी पुण्यात अभियांत्रिकी शिकते, त्यामुळे वडिलांना बोलण्याचा तिला परवाना आहे. ती म्हणाली, "बाबा, या दिव्यालाच वीज लागतेय!"

दुसरा उद्योग बँकेचा. कोणती बँक ते सांगत नाही, आणि तिला दोषही देत नाही. दादाला पंधरा लाख हवे होते: नवा कंडेन्सर, टाक्याला नवे उष्णतारोधक अस्तर, चांगली मोटर. अधिकारी सज्जन होते. चहा मागवला. मग झालेले संभाषण दादाने मला असे सांगितले.

"उत्पादन किती वाढेल?"

"वाढणार नाही. बर्फ तेवढाच."

"मग भाव जास्त मिळेल?"

"भाव खलाशी ठरवतात."

"मग कर्ज फेडणार कशातून?"

"वीज कमी लागेल ना साहेब!"

"असे तुम्ही म्हणता. आणखी कोण म्हणतो?"

या प्रश्नाला दादाकडे उत्तर नव्हते. घर आधीच गहाण. तो उठून आला, आणि बँकवाल्यांना धंद्यातले काही कळत नाही असे आठवडाभर घरात ऐकवत राहिला.

मला विचाराल तर तो अधिकारी बरोबर होता. नवे यंत्र दिसते, त्याच्यावर बँकेची पाटी ठोकता येते. वाचलेली वीज कोणाला दाखवणार? ती जळलेलीच नसते. जे घडले नाही त्यावर कर्ज मागायचे तर ते घडणार नव्हते की नाही हे आधी कोणीतरी मोजून ठेवलेले पाहिजे. कारखानदार पैशामागे धावतात आणि जाणकार माणसाला खर्चाची बाब समजतात. वास्तविक पैशाचे दार जाणकाराच्या कागदाने उघडते.

हा पेच अठराव्या शतकापासूनचा आहे. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणमालकांना वाफेचे पंप दिले तेव्हा सौदा असा केला, की न्यूकोमेनच्या जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. खाणमालक खूष झाले. पण किती वाचला हे कसे ठरवायचे? म्हणून यंत्राच्या दांडीवर फेरे मोजणारा काटा बसवला, आणि त्याला कुलूप घातले. पुढे पैसे देण्यावरून भांडणे व्हायची ती झालीच. पण मोजमाप होते म्हणून भांडायला तरी काही होते. अशा तऱ्हेने बचतीतून आपली वसुली करणाऱ्या कंपन्या आज आपल्याकडेही आहेत, त्यांना 'एस्को' म्हणतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे त्यांची यादी असते. त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांची जोखीम काही अंशी उचलणारी एक सोय सिडबी आणि जागतिक बँकेने २०१५ साली केली. मात्र दादासारख्याच्या कारखान्यात अशा कंपनीला फारसा रस नसतो. एवढ्याशा बचतीचा तिसरा हिस्सा घ्यायला मुंबईहून कोण येणार?

आता हा ऊर्जा दक्षता ब्यूरो कोण, ते सांगितले पाहिजे. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला आणि १ मार्च २००२ ला हा ब्यूरो स्थापन झाला. तुमच्या फ्रिजवरचे तारे लावणारा तोच. महाराष्ट्रात त्याच्या वतीने काम पाहते ती पुण्याची महाऊर्जा. सिमेंट, पोलाद, खत अशा मोठमोठ्या कारखान्यांसाठी ब्यूरोने २०१२ साली सक्तीची योजना आणली. आठ उद्योगांतल्या ४७८ कारखान्यांना विजेचे आणि इंधनाचे लक्ष्य ठरवून दिले, जास्त वाचवले तर विकण्यासाठी प्रमाणपत्रे आणि कमी वाचवले तर ती विकत घेण्याची पाळी. मोठ्यांचे ठीक असते. त्यांच्या पदरी अभियंते असतात, धाक दाखवला की काम होते. लहान कारखान्याला धाकही नाही आणि अभियंताही नाही. तिथे मालकच अभियंता, मालकच कारकून, आणि नळ गळाला तर मालकच प्लंबर.

हे ब्यूरोच्याही ध्यानात आले. एकेका गावातला एकेक धंदा धरून त्यांनी पाहण्या केल्या. आंध्रातल्या भीमावरमचे बर्फाचे कारखाने, कोचीचे मासळी-प्रक्रियेचे कारखाने, आपल्या सोलापूरचे कापड. वाचकहो, भीमावरम हे नाव दादाने कधी ऐकले नव्हते. त्याच्यासारख्याच टाक्यांतून, त्याच्यासारख्याच डब्यांतून बर्फ काढणाऱ्या लोकांचा सगळा हिशेब छापून तयार होता, आणि आमचा दादा हिरव्या दिव्याच्या पेटीपुढे हात जोडून उभा होता!

जवळचे उदाहरण हवे तर आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे. तिथल्या ओतकामाच्या भट्ट्या, पुण्याचे घडाईचे कारखाने आणि परराज्यांतली आणखी तीन ठिकाणे मिळून २०१० साली एक प्रकल्प सुरू झाला. पैसा जागतिक पर्यावरण निधीचा, देखरेख जागतिक बँकेची, राबवणारे ब्यूरो आणि सिडबी. पुढे बेळगावच्या भट्ट्यांसाठीही तसाच एक प्रकल्प आला. त्यातली मला पटलेली गोष्ट एवढीच, की जाणकार भट्टीवर जाऊन मोजणार, आणि बँकेला कळेल अशा भाषेत अहवाल लिहिणार. भट्टीवाल्याची भाषा वेगळी, बँकवाल्याची वेगळी. मधला दुभाषा मिळाला की अर्धे काम झाले.

आमचा दुभाषा पुतणीने शोधला. ब्यूरो दरवर्षी परीक्षा घेऊन ऊर्जा लेखापरीक्षक प्रमाणित करतो, त्यांतला एक मध्यमवयीन, अबोल गृहस्थ. फी ऐकून दादा म्हणाला, "नुसते बघायचे एवढे?" वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरही बघतोच." शिवाय फीचा सगळा भार मालकावर पडलाच पाहिजे असे नसते. लेखापरीक्षणाच्या खर्चातला वाटा उचलण्याची योजना महाऊर्जा चालवत आली आहे. राज्य सरकारच्या २०१३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तर लहान उद्योगांना या खर्चाचे ७५ टक्के, दोन लाखांच्या मर्यादेत, मिळण्याची तरतूद होती. ती योजना संपून २०१९ साली दुसरी आली. आज नेमके काय मिळते ते जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारावे, आणि काम सुरू करण्यापूर्वी विचारावे. पावती आधी आणि अर्ज मागून, अशी मराठी माणसाची सवय असते. सरकारला नेमके उलटे लागते.

गृहस्थ आले आणि तीन दिवस राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी तारांना चिमटे लावले, थर्मामीटर लावले, वजनकाट्यावर लाद्या तोलल्या. कोणाशी बोलले नाहीत. त्यामुळे कारखान्यातले चाचा नाराज झाले. चाचा म्हणजे यंत्रावरचे मिस्त्री. मामांच्या वेळेपासूनचे. कंप्रेसरचा आवाज ऐकून कोणता व्हाल्व्ह रुसला आहे ते सांगतात. बाहेरचा माणूस येऊन आपल्या यंत्राला नळ्या लावतो, याचा अर्थ शेठचा आपल्यावर भरवसा उरला नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि दुपारी डबा न खाता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो चाचांना. "टाक्याचे पाणी उणे चौदावर का ठेवता? उणे दहा पुरे."

हा प्रश्न साधा नव्हता. जितके जास्त गार करू पाहाल तितकी दर अंशाला साधारण तीन टक्के वीज जास्त जाते. म्हणजे चार अंशांत बारा टक्क्यांच्या आसपास. दादा चाचांकडे पाहू लागला. चाचा म्हणाले, "उणे दहावर ठेवून बघा. उत्तरेकडच्या कोपऱ्यातले डबे कच्चे राहतात. लादी मधे पोकळ निघाली की तांडेल माझ्या अंगावर येतो, तुमच्या नाही."

गृहस्थांनी वही मिटली आणि ते चाचांबरोबर त्या कोपऱ्यात गेले. तास-दीड तास दोघे टाक्यात वाकून होते. निघाले असे, की मिठाचे पाणी घुसळणारा पंखा झिजला होता. त्या कोपऱ्यात पाणी हलतच नव्हते. तेवढे डबे गोठावेत म्हणून चाचा सबंध टाके जास्त गार करत होते. त्यांच्या हातात जे होते त्यावरून त्यांनी केले ते शहाणपणाचेच होते. फक्त वीस-पंचवीस डब्यांची शिक्षा साऱ्या टाक्याला होत होती आणि दंड दादा भरत होता. पंखा दुरुस्त व्हायला जो खर्च आला त्याहून त्या हिरव्या पेटीला जास्त गेला होता.

नंतर चाचांचा सूर बदलला. तेच एकेक दाखवू लागले. कंडेन्सरच्या नळ्यांवर खाराचा थर बसला होता; त्यामुळे अमोनियाची उष्णता बाहेर जायला अडचण आणि कंप्रेसरला उगाच जोर. डब्यांवरची लाकडी झाकणे कुजलेली, त्यांतून कोकणातली हवा थेट टाक्यात. मोटर चार वेळा जळून चार वेळा गुंडाळलेली. अशी मोटर चालते, पण दर वेळी थोडी खादाड होते. टाक्याच्या भिंतीतले थर्माकोल ओले. ओल्या थर्माकोलचा उपयोग ओल्या रजईइतकाच. "हे मी मोठ्या शेठना सांगितले होते," चाचा म्हणाले. मोठे शेठ म्हणजे मामा. मामांना जाऊन चौदा वर्षे झाली.

आता थोडे गणित, कारण गणितावाचून बँक हलत नाही. तीस अंशांचे एक किलो पाणी शून्यावर आणायला ३० कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी), त्याचा बर्फ व्हायला ८०, आणि बर्फ आणखी थोडा गार करायला चारेक. एकूण ११४. एका टनाला १,१४,००० झाल्या. एका युनिटात ८६० कॅलरी असतात, तेव्हा टनामागे सुमारे १३३ युनिटांएवढी उष्णता उचलायची. चांगले यंत्र एक युनिट खाऊन तीन युनिटांची उष्णता उचलते. म्हणून वीज लागावी सुमारे ४४ युनिटे. पंप, घुसळणी, भिंतीतून शिरणारी उष्णता धरून ती पन्नास-साठपर्यंत जाईल. दादाचे खरे आकडे मी सांगत नाही, गोल आकडे घेतो. समजा कारखाना रोज २० टन बर्फ काढतो आणि टनाला ७५ युनिटे जाळतो. ती ६० वर आणली तर दिवसाला ३०० युनिटे वाचतील.

इथे पुष्कळ जण घसरतात. ३०० ला ३६५ ने गुणतात आणि नऊ रुपये दराने वर्षाला ९,८५,५०० रुपये वाचतील असे लिहून मोकळे होतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला, तर बर्फ घेणार कोण? वादळाचे दिवस, सणाचे दिवस वगळता २८० दिवस धरले तर युनिटे होतात ८४,००० आणि रुपये ७,५६,०००. पंधरा लाखांचा खर्च दोन वर्षांत फिटतो, दीड वर्षात नव्हे. आकडा लहान झाला, पण रत्नागिरीतला अधिकारीही रत्नागिरीतच राहतो. पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या त्यालाही दिसतात. फुगवलेला अहवाल त्याच्यापुढे ठेवला की खरे आकडेही खोटे ठरतात. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्यांनी तर हा हिशेब दहा वेळा तपासावा. त्यांचा बॉयलर खरा पेटतो तो दोन-अडीच महिने. वाफेचे गरम पाणी परत बॉयलरला दिले, आणि पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले, की इंधन एक टक्का वाचते हे खरे. पण वर्षातले नऊ महिने भट्टीच थंड असेल तर महागडे यंत्र घेण्याआधी गळके व्हाल्व्ह आणि उघडे पाइप पाहावेत. त्याला कर्ज लागत नाही.

दादानेही तसेच केले. पंखा, झाकणे, नळ्यांची सफाई, पॉवर फॅक्टरसाठी रीतसर कपॅसिटर, ही कामे पहिल्या पावसाळी बंदीत घरच्या पैशांतून झाली. बिल उतरले. फार नाही, पण वहिनींना सांगण्याइतके उतरले. उरली मोठी कामे: कंडेन्सर, अस्तर, मोटर. त्यांना पैसा हवाच.

पैशाची गोष्ट निघाली की रत्नागिरीत टिळकांची आठवण काढावी लागते, कारण त्यांचा जन्म तिथला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली आणि टिळकांनी ती उचलून धरली. दर माणशी एक पैसा, आणि त्यातून देशी उद्योग. जमलेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पण लक्षात घ्यावे, की नुसत्या पैशांनी काच वितळली नाही. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय मिळाले तेव्हा भट्टी पेटली. त्या कारखान्यात पुढे किती मुले काच शिकून गेली! पैसा आणि जाणता एका दारातून यावे लागतात, ही गोष्ट आपल्या आजोबांना ठाऊक होती.

आजचा पैसा फंड सरकारी आहे आणि त्याची नावे लांब आहेत. छोट्या उद्योगांसाठी १९९० साली स्थापन झालेल्या सिडबीने ऊर्जा-बचतीच्या यंत्रांसाठी कर्ज देताना आधी कारखान्याची पाहणीही करवून देणारी योजना काढली होती. तारणाची अडचण असेल तर २००० साली स्थापन झालेला पतहमी न्यास आहे. तो बँकेला हमी देतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटींवर गेली आहे. घर गहाण असलेल्या माणसाने बँकेत या न्यासाचे नाव स्वतःहून काढावे. समोरचा काढीलच असे नाही.

आणि आता नवी योजना. जुलै २०२५ मध्ये पानिपतला ब्यूरोची एक योजना जाहीर झाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'अदिती' असे काहीसे वाचता येते. पानिपत म्हटल्यावर दादा दचकला होता, पण योजना बरी आहे. तीन वर्षांसाठी, २०२७-२८ पर्यंत, १,००० कोटी रुपये. वीज वाचवणाऱ्या यंत्रासाठी कर्ज घेतले तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या व्याजातले ५ टक्के आणि मध्यम उद्योगांच्या व्याजातले ३ टक्के सरकार भरणार. शिवाय लेखापरीक्षण, प्रकल्प अहवाल आणि मागाहून मोजणी, यांतही मदत. अट अशी, की उद्यम नोंदणी हवी आणि निदान १० टक्के ऊर्जा वाचल्याचे दाखवता आले पाहिजे. चौदा उद्योग निवडले आहेत. ओतकाम, घडाई, कापड, अन्नप्रक्रिया त्यांत आहेत आणि मत्स्योद्योगही आहे. पहिल्या टप्प्यात साठ ठिकाणे, नंतर आणखी शंभर. आपले गाव कोणत्या टप्प्यात बसते आणि बर्फाचा कारखाना मत्स्योद्योगात धरतात की नाही, हे महाऊर्जेला लेखी विचारावे. तोंडी उत्तराला फाइलीत जागा नसते.

पंधरा लाखांवर ११ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याज होते १,६५,०००. त्यातले ७५,००० सरकारने भरले तर दादाच्या घरी तो एका माणसाचा काही महिन्यांचा पगार आहे. बावीसपैकी कोणाला काढायचे या यादीवरून गेल्या वर्षी नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. म्हणून हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत.

या गणपतीत दादा पुन्हा त्याच बँकेत गेला. अधिकारी बदलले होते, चहा तोच होता. या वेळी दादाबरोबर अहवाल होता, महिन्यावार बिले होती, आणि पंखा-झाकणांच्या दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे होते. हप्ता जून-जुलैत नको, मासेमारीच्या महिन्यांत थोडा जास्त चालेल, हेही त्याने आधीच लिहून नेले होते. नव्या अधिकाऱ्यांनी विचारले, "हे टनामागचे युनिट रोजचे रोज कोण लिहितो?"

"आमचे मिस्त्री."

"त्यांना घेऊन या."

चाचा इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले. वही बरोबर होती. दोनशे पानी, रेघांची, वर शाळेतल्या मुलासारखे नाव घातलेली. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा, लाद्यांची संख्या, टाक्याचे तापमान आणि भागाकार. एका दिवशी आकडा एकदम चढला होता. अधिकाऱ्यांनी बोट ठेवून विचारले, हे काय? चाचांनी सांगितले, त्या दिवशी झाकणे उघडी राहिली, मुलीच्या लग्नाला गेलो होतो. अधिकारी हसले आणि त्यांनी त्या पानाची नक्कल काढून फाइलीला लावली.

कर्ज मंजूर झाले का, असे वाचक विचारतील. हे लिहीपर्यंत नाही. फाइल वर गेली आहे. किती वर ते कोणी सांगत नाही. दादा आता रात्री झोपतो, एवढे वहिनी सांगतात. परवा तिचा फोन आला होता, फराळाला कधी येता म्हणून. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. दरवर्षी चोपड्यांची पूजा असते. यंदा दादाने चाचांची वही मागून घेतली, तीही पाटावर ठेवायची म्हणून. चाचांनी ती दिली, पण अट घातली, की संध्याकाळी सहाला परत पाहिजे. सहाला मीटर बघायचे असते.